कॉलेजात इतिहास शिकवायचाय आणि पुस्तकही लिहायचंय? मग सुरुवात अशी करा

दरवर्षी एमएची दोनतीन मुलं तरी विचारतात की सर, लेक्चरर कसं व्हायचं आणि पुस्तक कधी लिहायला घ्यायचं. माझं म्हणणं दोन्ही एकदमच सुरू करा, कारण नोकरी लागल्यावर लिहू म्हणणाऱ्यांचं लिखाण राहूनच जातं.

नोकरीचं आधी सांगतो. एमएला ५५ टक्के पाहिजेत (आरक्षित गटाला ५०), मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढायची. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीएचडीची सक्ती नाही, तरी करा. कायम जागा कमीच, त्यामुळे पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या कामावर, जातात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता खरं काम. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार, तिथे गाईडचं (संशोधनाच्या मार्गदर्शकाचं) पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. पेशवाईवर काम करायचं असेल तर मोडी लिपी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, पण १८९६ च्या प्लेगवर किंवा जुन्या मुंबईच्या वस्त्यांवर करायचं असेल तर इंग्रजी कागदांवर बरंच भागतं. कडा तपकिरी झालेली पानं असतात, बोट ओलं करून उलटू नका, दोन्ही हातांनी सावकाश उलटा. आणि वहीत मजकूर उतरवायच्या आधी डिपार्टमेंट, वर्ष, व्हॉल्यूम नंबर आणि पान लिहा, आधीच, नंतर नाही. मी प्लेगच्या वेळचं एक पत्र अख्खं उतरवलं, व्हॉल्यूम नंबर तेवढा राहिला, आणि ते परत सापडेपर्यंत तीन आठवडे गेले, रोज लेक्चर संपलं की धावत ट्रेन पकडून.

वर्गात तारखांपासून सुरू करू नका. १९८२ चा गिरणी संप शिकवताना मी पोरांना घरात शोधायला सांगतो, एकदा एकीने आजोबांचा गिरणीचा पास आणला, कोपरे झिजलेला, फोटो पुसट, आणि तो बाकाबाकांवरून फिरत असताना वर्ग इतका शांत होता की पंख्याचा आवाज येत होता. त्या दिवशी संपाचे नेते दत्ता सामंत कोण होते हे त्यांनीच मला विचारलं.

अशा लेक्चरच्या नोट्स त्याच रात्री नीट लिहून काढा, प्रकरणं त्यातूनच होतात. आधी दिवाळी अंकाला एक लेख द्या, पुस्तक नंतर. आणि प्रकरण झालं की वर्गात मोठ्याने वाचा, जिथे पोरांचे हात मोबाईलकडे जातील ते पान परत लिहा.