पिवळा भंडारा करड्या छटांत कसा टिपावा: कृष्णधवल प्रवासछायाचित्रणाची तयारी

कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंग काढून टाकलेले रंगीत छायाचित्र, अशा समजुतीने मी काही वर्षांपूर्वी पुण्याहून जेजुरीला गेलो आणि कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवून, फक्त जेपेग या तयार चित्राच्या स्वरूपात, दोनशेच्या आसपास छायाचित्रे काढून परतलो. घरी येऊन पाहतो तो उधळलेला भंडारा बहुतेक छायाचित्रांत दिसतच नव्हता, कारण पिवळी हळद आणि दुपारचे फिकट आकाश दोन्ही जवळजवळ पांढरी उतरली होती. डोळ्यांना भडक वाटणारा रंग करड्या छटेत कुठे जाऊन बसेल, हे आधी ओळखता यायला हवे. तो सराव घराजवळ करावा आणि मगच प्रवासाला निघावे.

कॅमेरा कसा लावावा

प्रथम कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) आणि जेपेग अशी दोन्ही स्वरूपे एकत्र निवडावीत आणि चित्रशैली मोनोक्रोम ठेवावी. त्यामुळे पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसते, पण रॉ फाइलमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत राहते. नुसत्या मोनोक्रोम जेपेगमध्ये ती उरत नाही आणि मग नंतर कितीही खटपट केली तरी हळद आणि आकाश रंगानुसार वेगळे करता येत नाही. माझ्या त्या दोनशे छायाचित्रांचे नेमके हेच झाले.

मंडईत छटांचा सराव

हा सराव करायला महात्मा फुले मंडईइतकी सोयीची जागा पुण्यात दुसरी नाही. पूर्वी रे मार्केट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत सकाळच्या वेळी उन्हाचे तिरपे पट्टे गाळ्यांवर पडतात आणि एकाच गाळ्यावर लाल, हिरवा, जांभळा, पिवळा असे सगळे रंग शेजारी-शेजारी मिळतात. टोमॅटोचा ढीग आणि त्याला लागून ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या एका चौकटीत घ्याव्यात. डोळ्यांना हा विरोध झणझणीत दिसतो, पण पडद्यावर दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून जातात. शटर दाबण्याआधी प्रत्येक वस्तूची छटा मनाशी सांगावी आणि मग पडदा पाहावा. चार-पाच सकाळींनंतर अंदाज बरोबर येऊ लागतात. विक्रेत्यांना आधी विचारावे. मला एका मावशींनी, "काढ की, पण आधी जुडी घे," असे उत्तर दिले होते, आणि तो सौदा मला रास्त वाटला.

यामागचे गणित साधे आहे. रंगाचे करड्या छटेत रूपांतर करण्याच्या एका प्रचलित सूत्रात हिरव्या प्रकाशाला सुमारे ५९ टक्के, लाल प्रकाशाला ३० टक्के आणि निळ्या प्रकाशाला ११ टक्के वजन दिलेले असते. पिवळा रंग म्हणजे लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र, त्यामुळे हळद पांढऱ्याच्या जवळ जाते. हेच वजन घरी संगणकावर रंगांच्या स्लायडरने बदलता येते: लाल वाढवल्यास टोमॅटो उजळतो, हिरवा वाढवल्यास कोथिंबीर. फिल्मच्या काळात हे काम भिंगापुढच्या लाल, नारिंगी किंवा पिवळ्या काचेने होई. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लाल काच मात्र लावू नये, कारण सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, दर चार बिंदूंपैकी एकच लाल प्रकाशासाठी असतो आणि बाकीचे तीन जवळजवळ उपाशी राहतात.

पाताळेश्वरात एक्सपोजर

जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर हे आठव्या शतकाच्या सुमारास काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले लेणे आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे मानतो, म्हणून चौकटभर काळा दगड आला की मापक चित्र उगाच उजळ करतो आणि दगड धुतल्यासारखा दिसतो. येथील गोल नंदीमंडपाचे एक चित्र आहे तसे काढावे, दुसरे एक्सपोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, कमी करून काढावे आणि दोन्हींतील दगडाचा पोत ताडून पाहावा. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला सहसा परवानगी लागते, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवून हातानेच काम भागवावे.

जेजुरीच्या गडावर

पुण्याहून दिवे घाट आणि सासवडमार्गे जेजुरी सुमारे ५० किलोमीटर आहे. सकाळी लवकर पोहोचावे, कारण दुपारपर्यंत आकाश पांढुरके होते आणि माझी पहिली चूक तेथेच सुरू झाली होती. भंडाऱ्यामागे काय आहे, हे सर्वांत आधी पाहावे. दगडी दीपमाळ, कमानीखालची सावली किंवा सकाळचे गडद निळे आकाश मागे असेल, तर उधळलेली हळद धुरासारखी पांढरी उठून दिसते. निळे आकाश घरी निळा स्लायडर कमी करून आणखी गडद करता येते, पण फार ओढल्यास आकाशात दाणे आणि पट्टे उमटतात. उलट, चित्र केवळ निळ्या चॅनेलवरून, म्हणजे फक्त निळ्या प्रकाशाच्या नोंदीवरून, बनवले तर हळद काळी पडते आणि मळवट भरलेले कपाळ काजळी फासल्यासारखे दिसते. तो प्रयोग मी एकदाच केला.

क्षण कानाने पकडावा. कोणीतरी "सदानंदाचा येळकोट" म्हणतो, उत्तरादाखल "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर होतो आणि त्याच सुमारास मुठी उघडतात. म्हणून पहिली हाक ऐकू येताच शटर अर्धे दाबून फोकस धरून ठेवावा. कण हवेत थांबलेले हवे असतील तर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. फरशीवर हळदीचा थर असतो तेथे पाताळेश्वराच्या उलट, एक्सपोजर थोडे वाढवावे लागते. भिंग गडावर बदलू नये आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. तरीही हळद बसलीच, तर ती ब्लोअरने आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. ओल्या कापडाने पुसल्यास डाग बसतो.

घरी परतल्यावर

रॉ फाइली उघडून निवडक दहा-बाराच ठेवाव्यात आणि त्यांतील एकाची मॅट कागदावर ए४ आकारात प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहावी. भंडारा पांढरा दिसला तरी त्यातले कण आणि विरत गेलेल्या कडा दिसायला हव्यात. त्या जागी नुसता कोरा कागद दिसत असेल, तर हायलाइट, म्हणजे चित्रातले सर्वांत उजळ भाग, खाली आणून पुन्हा प्रिंट काढावी.