अन्न परवान्याचं अपील: या चुका टाळा

परवाना निलंबित झाला, नमुना ‘कमी दर्जाचा’ ठरला किंवा दंडाचा आदेश हातात पडला, की डेअरीवाला असो, मिठाईवाला असो की हॉटेलचालक, तोंडून एकच शब्द निघतो: ‘अपील टाकू.’ पण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे या तीन कागदांवरची अपिलं तीन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे जातात आणि त्यांच्या मुदतीही सगळ्या सारख्या नाहीत. बाजू भक्कम असलेली कितीतरी प्रकरणं गुणदोषांपर्यंत पोचतच नाहीत. ती तारखेत किंवा पत्त्यात अडकतात.

कलम न वाचता अर्ज लिहिणं

हातातल्या कागदावर आधी कलम शोधा. कलम ३२ खालची सुधारणा नोटीस (ठरलेल्या दिवसांत त्रुटी दूर करा असं सांगणारी), परवान्याचं निलंबन किंवा परवाना रद्द केल्याचा आदेश असेल, तर अपील अन्न सुरक्षा आयुक्तांकडे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे आयुक्तच हे काम पाहतात. त्यांचा या अपिलावरचा निर्णय कायद्याने अंतिम असतो, म्हणून सगळी कागदपत्रं आणि सगळे मुद्दे पहिल्याच अर्जात हवेत.

अन्न विश्लेषकाच्या, म्हणजे नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या अहवालाविरुद्धचं अपील कलम ४६(४) खाली पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातं. आपल्याकडे हे पद साधारणपणे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे (अन्न) असतं. न्यायनिर्णय अधिकाऱ्याने, म्हणजे सुनावणी घेऊन दंड ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, कलम ६८ खाली ठोठावलेल्या दंडाविरुद्ध मात्र अन्न सुरक्षा अपिलीय न्यायाधिकरणात जावं लागतं. तिथल्या निकालावर ६० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. दिवाणी कोर्टात दावा लावायला कलम ७२ ने मनाई आहे, तिकडे वेळ घालवू नका.

परवाना केंद्रीय असेल, तर तुमचा आयुक्त राज्याचा नव्हे. आयुक्ताचे अधिकार तिथे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी वापरतात. परवाना कोणी दिला हे त्याच्यावरच छापलेलं असतं. गोव्यातही कायदा हाच आहे, फक्त आयुक्त तिथला.

आणखी एक घोटाळा वरचेवर होतो. औषध दुकानाचा परवाना रद्द किंवा निलंबित झाला, तर औषध नियमांतील नियम ६६ प्रमाणे राज्य सरकारकडे तीन महिन्यांत अपील करता येतं. खात्याचं नाव एकच, त्यामुळे ओळखीचा मेडिकलवाला सांगतो, ‘तीन महिने आहेत, घाई नको.’ अन्न परवान्याला ते तीन महिने लागू नाहीत.

‘पंधरा दिवस’ एवढंच लक्षात ठेवणं

कलम ३२ च्या अपिलाला निर्णय बजावल्यापासून १५ दिवस मिळतात. सुधारणा नोटिशीत मात्र एक खोच आहे. नोटिशीत सुधारणेसाठी दिलेली मुदत आणि हे १५ दिवस, यांतलं जे आधी संपेल ती अपिलाची शेवटची तारीख. सुधारणेला किमान १४ दिवस द्यावेच लागतात आणि पुष्कळदा तेवढेच दिलेले असतात. समजा, ३ जूनला नोटीस मिळाली आणि सुधारणेला १४ दिवस आहेत. मग तुमची तारीख १७ जून. १८ ला गेलात तर उशीर झाला.

नोटीस पुष्कळदा काउंटरवरच्या मुलाच्या सहीने घेतली जाते आणि मालकाला आठवड्याने दिसते. ‘मला उशिरा कळलं’ हे सिद्ध करणं फार जड जातं. दुकानात सरकारी कागद कोणी घ्यायचा हे ठरवून द्या. मिळाल्याची तारीख त्याच दिवशी कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.

नोटिशीला उत्तर देणं म्हणजेही अपील नव्हे. ‘जाळ्या बसवल्या, पेस्ट कंट्रोल केलं, कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली’ असं पूर्ततेचं पत्र द्यायलाच हवं. सोबत फोटो, बिलं, पाण्याचा तपासणी अहवाल जोडा आणि फेरतपासणीची लेखी मागणी करा. नोटिशीतला एखादा मुद्दाच चुकीचा वाटत असेल, तर अपील मुदतीत वेगळं दाखल करा. दोन्ही कागद एकाच वेळी चालू शकतात.

नमुना घेताना गप्प राहणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही, आणि ती अपिलाच्या कितीतरी आधी, दुकानातच होते.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेताना फॉर्म पाच-ए मध्ये लेखी सूचना देतो आणि काही खास प्रकार वगळता नमुन्याचे चार भाग करून सील लावतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. चौथा भाग तुमच्या हक्काचा. तुम्ही मागणी केलीत, तरच तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. विक्रेता घाबरलेला असतो, दाखवाल तिथे सही करतो आणि ही मागणी राहून जाते.

याचं मोल पुढे कळतं. विश्लेषकाचा अहवाल आणि या चौथ्या भागाचा अहवाल जुळले नाहीत, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला आपल्याकडचा एक भाग रेफरल प्रयोगशाळेकडे, म्हणजे अंतिम फेरतपासणीच्या प्रयोगशाळेकडे पाठवावाच लागतो. चौथा भाग मागितलाच नसेल, तर हातात फक्त कलम ४६(४) चं अपील उरतं, आणि त्यात नमुना पुन्हा पाठवायचा की नाही हे अधिकारी ठरवतो. म्हणून सही करण्याआधी त्याच कागदावर लिहा: ‘नमुन्याचा चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवावा.’ खाली तारीख आणि वेळ टाका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सील लावलेल्या चारही भागांचाही एक फोटो घ्या.

तिसाव्या दिवसाची वाट बघणं

अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म आठ मध्ये अपील करता येतं. अधिकाऱ्याने म्हणणं ऐकून, अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना पाठवण्याबाबत ठरवायचं असतं. तूप किंवा मसाला असेल तर एवढा काळ चालून जातो. पनीर, खवा, दही यांचं तसं नाही. तुम्ही २९ व्या दिवशी अर्ज दिलात, तर अधिकाऱ्याकडचा राखीव भाग म्हैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) सारख्या रेफरल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो तपासण्याजोगा राहीलच असं नाही. अशा मालाचं अपील पहिल्या आठवड्यातच द्या आणि राखीव भाग कोणत्या तापमानात ठेवला आहे, याची माहितीही त्याच अर्जात मागा.

अहवाल न वाचता ‘मान्य नाही’ लिहिणं

‘आमचा माल शुद्ध आहे, अहवाल मान्य नाही’ एवढ्या एका ओळीवर नमुना पुन्हा पाठवावा असं अधिकाऱ्याला का वाटावं? अहवालातल्या आकड्याला आकड्यानेच उत्तर द्या.

पनीरचं उदाहरण घ्या. मानक सांगतं: पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि दुधाची चरबी कोरड्या घटकांच्या किमान ५० टक्के हवी. अहवालात पाणी ५४ टक्के आणि ओल्या वजनावर चरबी २३.५ टक्के आहे असं धरू. १०० ग्रॅम पनीरमध्ये कोरडा भाग ४६ ग्रॅम. २३.५ ला ४६ ने भागलं की ५१.१ टक्के येतात, म्हणजे नमुना पास. तीच चरबी २२ टक्के असेल तर ४७.८ येतात आणि नमुना खरोखरच कमी दर्जाचा ठरतो. हा भागाकार आधी स्वतः करा. आकडा कोणत्या पायावर दिला आहे हेच अहवालात स्पष्ट नसेल, तर तो अपिलाचा पहिला मुद्दा.

त्यानंतर पाहा: नमुना पोचला तेव्हा सील शाबूत असल्याची नोंद आहे का, चाचणीची पद्धत लिहिली आहे का, प्रयोगशाळेची मान्यता त्या चाचणीसाठी आहे का, पदार्थ योग्य वर्गात धरला आहे का. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर तो मुद्दा जरूर मांडा, पण एकट्या त्यावर विसंबू नका.

अहवालात ‘मिथ्याछाप’ असेल, तर दोष लेबलात आहे. फेरतपासणीत लेबल बदलणार नाही. तिथे दुरुस्त केलेलं लेबल घेऊन न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर जावं. कलम ५२ प्रमाणे ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चूक सुधारण्याचे निर्देश देण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे.

सुनावणी सोडून न्यायाधिकरणाची तयारी करणं

कमी दर्जाच्या मालाला कलम ५१ खाली ५ लाखांपर्यंत दंड आहे. रक्कम ठरवताना कलम ४९ प्रमाणे झालेला फायदा, दुसऱ्याचं नुकसान, चूक पुन्हापुन्हा झाली का आणि ती नकळत घडली का, हे बघावं लागतं. या चारही गोष्टींची कागदपत्रं न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोरच्या पहिल्या सुनावणीतच द्या. किरकोळ विक्रेत्याने बॅच नंबर आणि पुरवठादाराचा परवाना क्रमांक असलेलं खरेदी बिल, लेखी हमीपत्र जोडावं. सुनावणीला गैरहजर राहिलात, तर पुढे न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत गेलात तरी तिथे पहिला प्रश्न हाच येतो की हे कागद खाली का दाखवले नाहीत.

अपील दाखल झालं, आता दुकान उघडू

अपील केल्याने निलंबन आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज अपिलासोबत वेगळा द्या, त्यात नाशवंत मालाचा साठा आणि कामगारांची संख्या लिहा. लेखी स्थगिती हातात येईपर्यंत केलेला धंदा विनापरवाना धरला जाऊ शकतो. दंडाचंही तसंच. तो न भरल्यास कलम ९६ प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. काउंटरवर घेत नसतील, तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही टाका. सोबत आदेशाची प्रत, ती मिळाल्याचा पुरावा, परवान्याची प्रत आणि मुद्द्यांना क्रमांक दिलेला अर्ज असावा. मुदत उलटलीच असेल, तर उशीर का झाला ते दिवसवार लिहून, दवाखान्याच्या किंवा प्रवासाच्या कागदांसह उशीर माफीचा अर्ज त्याच पाकिटात घाला.