भूकंपग्रस्त बेटावर मदत पाठवताय? या चुका टाळा

भूकंपाची बातमी आली की आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी टेम्पो भरायला लागतात. १९९३ साली किल्लारीला निदान रस्ता तरी होता. बेटावर टेम्पो जात नाही, आणि सगळं गणित तिथूनच बदलतं. २६ डिसेंबर २००४ चा ९.१ तीव्रतेचा भूकंप आणि पाठोपाठ आलेली त्सुनामी यांनंतर निकोबारमध्ये जे घडलं, ते मदत करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे.

चूक: आधी सामान, मग बोटीचा विचार

पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) कार निकोबार बेट समुद्रमार्गे अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. भूकंपात किनाराच बदलला. उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडले. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचलं, तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. अशा वेळी जुन्या नकाशावर विसंबून बोट कुठे लागेल ते ठरवता येत नाही. जेट्टीवर उतरणारं प्रत्येक बोचकं दुसऱ्या कशाची तरी जागा अडवतं, मग ते औषधांचं खोकंही असू शकतं. त्यामुळे जुने कपडे नकोतच. स्वेटर तर अजिबात नकोत, तिथे वर्षभर घाम निघतो.

स्वयंसेवकांची फौजही घेऊन जाऊ नका. निकोबार हा आदिवासींसाठी राखीव प्रदेश आहे, बाहेरच्या माणसाला पासशिवाय जाता येत नाही. आधी प्रशासनाशी आणि आदिवासी परिषदेशी बोला. तिथे गावाच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात. यादी त्याच्याकडून घ्या.

चूक: खारट झालेली विहीर उपसून काढणं

कोकणातल्या माणसाला हे पटकन सुचेल. पण प्रवाळाच्या सखल बेटावर गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोराचा पंप लावला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि विहीर आणखी बिघडते. गाळ-कचरा काढा, वरचं पाणी हळूहळू बेताने काढा आणि पुढचं काम पावसावर सोडा. तोवर पागोळ्यांचं पाणी साठवायला टाक्या द्या. क्लोरीनने जंतू मरतात, खारटपणा जात नाही.

चूक: तयार घर देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. निकोबारी माणूस लाकडी खांबांवर उंच घर बांधतो: गवताने शाकारलेलं, वर चढायला शिडी, खालून वारा खेळतो. लोक म्हणत होते, हत्यारं द्या, घरं आम्ही बांधतो. मिळाल्या पत्र्याच्या शेड. दुपारी आत बसवत नाही, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यानंतरची कायमची घरं मुख्य भूमीवरून आणलेल्या लोखंड-सिमेंटची होती आणि ती उभी राहायला वर्षं गेली. ज्यांना बांधता येत होतं ते बघत बसले. कोयते, कुऱ्हाडी, करवती, खिळे, दोर आणि एखादी होडी एवढं त्या पहिल्या बोटीतून सहज गेलं असतं. पत्रा लागतोच, पण तात्पुरत्या छपरापुरता.

चूक: पैसा कुणाच्या नावावर, हे न विचारणं

निकोबारमध्ये जमीन, माड, डुकरं हे सगळं तुहेतचं, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाचं. कामंही तिथूनच वाटली जायची. नुकसानभरपाई मात्र सुट्या कुटुंबांच्या, व्यक्तींच्या बँक खात्यांत आली. ज्यांनी फारशी रोकड कधी हाताळली नव्हती, त्यांच्याकडे एकदम मोठी रक्कम आली. मोटारसायकली आल्या, टीव्ही आले, दारूही आली, आणि तुहेत फुटू लागले. पैसा देऊच नये असं नाही. पण रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि वाटपाची पद्धत तुहेतच्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्यावी.

चूक: सहा महिन्यांत आवरतं घेणं

कॅमेरे गेले की वर्गणीही आटते, हे नेहमीचंच. बेटाचं उत्पन्न खोबऱ्यावर होतं, आणि खचलेल्या किनाऱ्यावरचे माड खाऱ्या पाण्यात मेले. नवं रोप लावलं तरी नारळ धरायला सहा-सात वर्षं जातात. शिवाय नारळ गेले की डुकरांचा चाराही गेला. म्हणून अंदाजपत्रकात रोपं आणि डुकरांची पिल्लं पहिल्या वर्षातच धरा, आणि माड फळेपर्यंतच्या धान्याची तरतूद वेगळी काढून ठेवा.