मध आणि आतड्यातले जिवाणू : प्रयोग करताना या चुका टाळा

जानेवारी लागला की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आमच्या प्रयोगशाळेत मधाच्या बाटल्या यायला लागतात. कुणाचा लातूरकडच्या सूर्यफुलाच्या शिवारातला, कुणाचा आग्या मोहोळाचा. विषय ठरलेला: ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला यांवर मधाचा परिणाम. चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साखरेचं कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी मधाशेजारी नुसता साखरेचा पाक, न लावणं. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आनंदाने प्लेट (जिवाणू पसरून छिद्रात मध भरलेली काचेची बशी) घेऊन आली. "सर, बघा, आजोबांनी उतरवलेला मध!" छिद्राभोवती झोन, म्हणजे ई. कोलाय न वाढलेलं वर्तुळ, स्वच्छ दिसत होतं. मी विचारलं, साखरेच्या पाकाचं छिद्र कुठंय? ते नव्हतंच. पुन्हा लावलं, तर दोन्हीकडे जवळपास सारखाच झोन. दाट साखर जिवाणूंचं पाणी ओढून घेते, तेवढाच तो परिणाम होता. दीड महिन्याचे आकडे बाद झाले. पोरगी रडली, आणि मलाही वाईट वाटलं, कारण हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

मग मधाचं स्वतःचं बळ गेलं कुठं? चौकशीत कळलं की थंडीत सूर्यफुलाचा मध साखरावला होता, म्हणून तिने बाटली उकळत्या पाण्यात ठेवली होती. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. मध पातळ झाला की ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक मधांचा जोर त्यावरच असतो. उकळत्या पाण्यात ते विकर मेलं, उरली फक्त साखर. नवा मध आणला, 40 अंशांच्या कोमट पाण्यात हळूहळू हलवत विरघळवला, 25 टक्क्यांवर आणला. या वेळी मधाला झोन आला, पाकाला नाही.

काही जण निर्जंतुक करायचा म्हणून मध थेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालतात. 121 अंशांवर काय उरणार? घाई असेल तर हा विषयच घेऊ नका. मी मध पातळ करून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो. वेळ लागतो, पण मी दुसरं काही करत नाही.

पाकासाठी माझं माप: फ्रुक्टोज 40.5 ग्रॅम, ग्लुकोज 33.5, माल्टोज 7.5, सुक्रोज 1.5 आणि पाणी 17 मिलि.

मध पिपेटने (द्रव मोजायच्या नळीने) मोजू नका, वजन करा. चिकट मध टोकातच राहतो. पातळ केलेला मध त्याच दिवशी वापरा. बाटली उन्हात ठेवू नका. जिवाणूंचं द्रावण 0.5 मॅकफार्लंडशी (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाशी) जुळवा, अंदाजाने नको. झोन पेरॉक्साइडमुळेच आला का हे बघायचं असेल तर एका नमुन्यात कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घाला. झोन गेला तर उत्तर मिळालं.

शेवटी निष्कर्षाबद्दल. 'मधाने हगवण बरी होते' असं प्लेट पाहून लिहू नका. पोटात मध पातळ होतो, त्यातली बरीचशी साखर लहान आतड्यातच शोषली जाते. प्लेटवरचं प्रमाण मोठ्या आतड्यापर्यंत टिकत नाही. हगवणीच्या रुग्णाला आधी ओआरएस आणि डॉक्टर. आणि आपल्याकडे नवजात बाळाला मधाचं बोट चाटवतात, ते वर्षाच्या आत अजिबात नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात.