किनाऱ्यावरील छोट्या गावासाठी प्रवासी रेल्वे योग्य आहे का, हे कसे तपासावे

रेल्वेची मागणी पुढे आली की मार्ग कुठून जाणार आणि स्थानक कुठे होणार, यावरच आधी चर्चा रंगते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. आधी वेळापत्रक लिहावे आणि मग रुळांचा विचार करावा. कारण दिवसातून दोनच गाड्या येणार असतील, तर मार्ग कितीही उत्तम बांधला तरी कामावर, महाविद्यालयात किंवा रुग्णालयात रोज जाणारा माणूस तिच्यावर विसंबून राहू शकत नाही.

म्हणून पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंतच्या वेळा कागदावर मांडाव्यात. समजा, मुख्य मार्गावरील जंक्शन गावापासून २४ किलोमीटरवर आहे आणि थांबे धरून गाडीचा सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर पडतो. एका बाजूच्या प्रवासाला ३० मिनिटे लागतील, आणि दोन्ही टोकांना गाडी परत फिरवण्यासाठी सहा-सहा मिनिटे धरली तर पूर्ण फेरी ७२ मिनिटांची होईल. एकाच रेकवर, म्हणजे डब्यांच्या एकाच संचावर, तासाला एक गाडी देता येणार नाही. दुसरा रेक घ्यावा लागेल आणि एकेरी मार्गावर मध्ये कुठेतरी क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून, लूप लाइन (बाजूचा जोड-रूळ) टाकावी लागेल. काही वळणे सरळ करून किंवा एखादा थांबा कमी करून सरासरी वेग ताशी ६० किलोमीटरवर नेला, तर प्रवास २४ मिनिटांत होतो, फेरी बरोबर तासात बसते, आणि दुसरा रेक, त्याचे कर्मचारी व लूप लाइन यांची गरजच उरत नाही. अर्थात अशा वेळापत्रकात उशीर भरून काढायला मोकळी मिनिटे राहत नाहीत, हेही त्याच कागदावर नोंदवावे. सहा मिनिटांच्या फरकावर साऱ्या योजनेचा खर्च कसा हलतो, हे एकदा स्वतः मांडून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर असलेल्या सेंट आइव्हज गावाची रेल्वे शाखा याच हिशेबावर चालते. १८७७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग जेमतेम सात किलोमीटरचा आणि एकेरी आहे. मध्ये क्रॉसिंगची सोय नसूनही एकच गाडी ये-जा करत साधारण दर अर्ध्या तासाला सेवा देते. ब्रिटिश रेल्वेच्या फेररचनेवरील १९६३ च्या बीचिंग अहवालात ही शाखा बंद करण्याच्या यादीत होती, तरीही ती टिकली. सेंट आइव्हजचे रस्ते अरुंद आहेत आणि मोटारी उभ्या करायला जागा अपुरी आहे. १९७८ मध्ये गावाबाहेर लेलांट सॉल्टिंग्ज येथे वाहनतळासह थांबा उघडला, आणि मोटारी बाहेर ठेवून रेल्वेने गावात शिरणे लोकांना सोयीचे झाले. आपल्या गावात तशी अडचण नसेल, तर हे उदाहरण जसेच्या तसे लागू पडणार नाही.

वेळापत्रकानंतर प्रवाशांची मोजणी करावी, आणि ती हंगाम सरल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी करावी. समुद्रकिनाऱ्याच्या गावांची आकडेवारी फसवी असते. सुट्टीच्या दिवसांतील गर्दी वर्षभराच्या बेरजेत मिसळली की सरासरी छान दिसते, पण उरलेल्या महिन्यांत डबे रिकामे धावतात. पहाटे बस थांब्यावर वही घेऊन बसावे आणि चढणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: कुठे जाणार, कशासाठी जाणार आणि परत केव्हा येणार. तिसरा प्रश्न बहुतेक सर्वेक्षणांत राहून जातो. परतीची शेवटची गाडी लवकर सुटत असेल, तर सकाळची गाडीही त्या माणसाच्या उपयोगाची नसते. पर्यटकांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहावी. तिचे मोल आहेच, पण पाया तिच्यावर घालू नये.

जे प्रवासच करत नाहीत, त्यांच्याकडेही जावे. वाहन चालवू न शकणारे वृद्ध, अपंग व्यक्ती, वाहतुकीअभावी शिक्षण सोडलेली मुले ही माणसे बस थांब्यावर दिसत नाहीत म्हणून हिशेबात येत नाहीत. माझ्या मते रेल्वेच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद याच घरांतून मिळतो, आणि म्हणून तो तोंडी न ठेवता नोंदवून ठेवावा.

मार्गाचे दुसरे टोक कुठे उतरते, याला मी गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त महत्त्व देतो. स्कॉटलंडमधील लीव्हन हे किनारी गाव १९६९ पासून प्रवासी रेल्वेविना होते. २ जून २०२४ रोजी तेथे पुन्हा गाड्या सुरू झाल्या, आणि त्या थेट एडिनबरापर्यंत जातात. नोकरी, विद्यापीठ, रुग्णालय आणि पुढची जोडगाडी एकाच टोकाला मिळत असतील, तर लहान गावही गाडी भरू शकते. उलट जंक्शनवर पाऊण तास ताटकळावे लागणार असेल, तर रस्त्याने जाणारा माणूस रस्ता सोडणार नाही.

लीव्हनचे उदाहरण खर्चासाठीही उपयोगी आहे. तो मार्ग साधारण आठ किलोमीटरचा असून जुन्या लोहमार्गाचा पट्टा जागेवर होता, तरीही दुहेरी मार्ग, दोन स्थानके आणि इतर कामे मिळून ११ कोटी ६० लाख पौंड लागले. जुना मार्ग आहे म्हणजे काम स्वस्तात होईल, हा समज सोडून द्यावा. भराव, मोऱ्या, पूल, फाटके आणि सिग्नल बहुधा नव्यानेच करावे लागतात.

अंदाजांकडे सावधपणे पाहावे. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूब्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर १० रेल्वे प्रकल्पांपैकी ९ मध्ये प्रवासीसंख्येचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, आणि ही वाढ सरासरी १०६ टक्के होती. म्हणजे जितके प्रवासी आले, त्यांच्या दुपटीहून अधिक गृहीत धरले होते. त्यांच्याच २००२ च्या अभ्यासात रेल्वेचा बांधकाम खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. यातून एक सोपी कसोटी घेता येते. प्रस्तावातील प्रवासी निम्मे करावेत, खर्च दीडपट करावा, आणि मग योजना उभी राहते का ते पाहावे.

त्यातही बांधकामाचा आणि चालवण्याचा खर्च एकमेकांत मिसळू देऊ नये. बांधकामासाठी एकदा अनुदान मिळू शकते. गाडीचे कर्मचारी, रुळांची तपासणी, फाटके, सिग्नल आणि डब्यांची देखभाल यांचा खर्च मात्र गाडीत ५ माणसे असोत की ३००, दरवर्षी येतच राहतो. तिकिटांतून तो निघाला नाही, तर तूट कोण आणि किती वर्षे भरणार, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. तूट असणे हा दोष नाही, कारण रस्तेही नफ्यासाठी बांधले जात नाहीत. ती कोणाच्याच अंदाजपत्रकात नसणे मात्र धोक्याचे आहे.

समुद्राचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा आणि अधिक कठीण आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्लंडमधील डॉलिश येथे वादळाने समुद्रभिंत फुटली, रूळ अधांतरी लोंबू लागले आणि मार्ग दोन महिने बंद राहिला. पुढे प्लिमथ आणि संपूर्ण कॉर्नवॉल त्याच मार्गावर अवलंबून होते, म्हणून तो तातडीने दुरुस्त झाला. जपानमधील होक्काइदो बेटावरील हिदाका मार्गाला जानेवारी २०१५ मध्ये लाटांनी असाच तडाखा दिला. तेथे प्रवासी थोडे होते, दुरुस्ती झालीच नाही, आणि २०२१ मध्ये ११६ किलोमीटरचा पट्टा कायमचा बंद करून बस सुरू झाली. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने तर एकाच फटक्यात दोन्ही गोष्टी दाखवल्या. पांबन पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, कारण पलीकडे रामेश्वरम् होते. धनुष्कोडीची पॅसेंजर मात्र प्रवाशांसह लाटांत गेली, आणि तो मार्ग पुन्हा बांधला गेला नाही. तेव्हा अभियंत्यांना भरावाची उंची विचारतानाच निधी देणाऱ्यांनाही विचारावे की, पहिल्या मोठ्या वादळानंतर हा मार्ग पुन्हा बांधला जाईल का. शाखेच्या टोकाला असलेल्या गावाने हे गृहीत धरू नये. शक्य असेल तेथे मार्ग किनाऱ्यापासून आत ठेवावा आणि शेवटचे एक-दोन किलोमीटर बसने जोडावेत.

रेल्वेची तुलना आजच्या मोडक्या बससेवेशी करणे अन्यायाचे आहे. रेल्वेइतकाच पैसा मिळालेल्या चांगल्या बससेवेशी तुलना करावी. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधील केसेन्नुमा मार्गाच्या उद्ध्वस्त भागात रुळांऐवजी काही ठिकाणी बससाठी राखीव रस्ता केला गेला. त्यावरील एका थांब्याचे नावच मिनामीसानरिकू नगर कार्यालय व रुग्णालय असे आहे. रुळांना जिथे वळणे जड गेले असते तिथे बस गेली. गर्दीच्या तासात एका दिशेने दीड-दोनशेच माणसे जाणार असतील, तर चार बसगाड्या ते काम करतात. बस कितीही वाढवल्या तरी त्या कोंडीत अडकणार असतील, रस्ता रुंद करायला डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये जागाच नसेल, तेव्हा स्वतंत्र मार्गाने धावणाऱ्या रेल्वेचे पारडे जड होते.

हिशेब आज जमला नाही, तरी जमिनीचा पट्टा हातचा जाऊ देऊ नये. कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ परगण्यात स्थानिक वाहतूक आयोगाने २०१२ मध्ये सुमारे ५१ किलोमीटरची जुनी शाखा विकत घेतली; गाडी चालवायची की नुसती चालण्या-सायकलींची वाट करायची, यावर लोकांना २०२२ मध्ये मतदान करता आले, ते पट्टा सार्वजनिक मालकीत होता म्हणूनच. जुना मार्ग असेल, तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहावा, प्रत्येक मोरी, पूल आणि अतिक्रमण नकाशावर नोंदवावे, आणि पट्ट्याची रुंदी गावाच्या विकास आराखड्यात राखीव म्हणून दाखल करून घ्यावी.