आइसलँडमध्ये भाड्याची गाडी चालवताना

आइसलँडमध्ये रेल्वे नाही आणि राजधानी रेक्याविकच्या बाहेर बसगाड्याही विरळ आहेत. त्यामुळे धबधबे, हिमनद्या आणि काळ्या वाळूचे किनारे आपल्या सवडीने पाहायचे असतील, तर भाड्याची गाडीच सोयीची ठरते. देशाला वळसा घालणारा क्रमांक एकचा रस्ता सुमारे १३२२ किलोमीटर लांबीचा आहे. हा आकडा पाहून आपल्याकडचा प्रवासी तीन-चार दिवसांचा हिशेब मांडतो आणि माझ्या मते नियोजनातली सर्वांत मोठी चूक तिथेच होते, कारण दिवसभरात किती अंतर कापता येईल हे तिथे बहुतेक वेळा वारा ठरवतो. उन्हाळ्यातही या रस्त्यासाठी किमान आठ दिवस ठेवावेत. डिसेंबरमध्ये रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड असतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्ण वळशाचा बेत न करता दक्षिण किनाऱ्याने वीक या गावापर्यंत जाऊन परतावे.

निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ असावाच लागतो. गाडीची अनामत रक्कम बहुधा चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते. फॉरेक्स कार्डावर हे काम अनेकदा होत नाही. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच सुरू करावेत आणि पिन पाठ असावा, कारण गावाबाहेरच्या पुष्कळ पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि पिनशिवाय यंत्र पेट्रोल देत नाही.

विम्याचा कागद मात्र शांतपणे, वेळ काढून वाचावा. मूळ विम्यात अपघाताचे नुकसान धरलेले असते, पण त्यातही ठरावीक रकमेपर्यंतचा भार आपल्यावरच राहतो. उडालेल्या खडीने फुटलेली काच आणि वाळूच्या वादळाने खरवडलेला रंग यांसाठी सहसा वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दक्षिण किनाऱ्याने जाणार असाल, तर ते जरूर घ्यावे. वाऱ्याने उलटा फिरून बिजागरीतून वाकलेला दरवाजा आणि नदी ओलांडताना इंजिनात शिरलेले पाणी यांची भरपाई मात्र बहुतेक विम्यांत मिळत नाही. म्हणून गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, दार दोन्ही हातांनी धरून उघडावे आणि मुलांना स्वतः दार उघडू देऊ नये. तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटर असा दिलेला असतो. २० हा आकडा वाचायला लहान वाटला, तरी तो ताशी ७२ किलोमीटर होतो आणि अशा वाऱ्यात मुक्कामीच थांबणे उत्तम. अंदाजासोबत रस्ते खात्याच्या संकेतस्थळावरचा नकाशाही रोज सकाळी पाहावा. कोणता रस्ता बंद आहे आणि कुठे बर्फ आहे, ते त्यावर दिसते.

वाहतूक उजव्या बाजूने चालते. आइसलँडमध्येही २६ मे १९६८ पर्यंत ती डावीकडूनच होती, पण त्याचा आज आपल्याला उपयोग नाही. भर रहदारीत पुढच्या गाडीमागे जाताना चूक सहसा होत नाही. पंपावरून किंवा फोटोसाठी थांबल्यावर मोकळ्या रस्त्यावर परत येताना मात्र हात सवयीने डावीकडे वळतात. अशा प्रत्येक वेळी शेजारी बसलेल्याने ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. हा साधा उपाय फार उपयोगी आहे. गिअर उजव्या हाताला येतात, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घेतलेली बरी. दोन मार्गिकांच्या गोल चौकात बाहेर पडताना आतल्या मार्गिकेतल्या गाडीला प्राधान्य असते, हेही लक्षात ठेवावे.

वेगमर्यादा वस्तीत ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर ९० आहे. दिवसाही दिवे लावलेलेच असावे लागतात. डांबर संपून खडी सुरू होते तिथे ‘माल्बिक एन्दार’ अशी पाटी असते. तिथे पोहोचण्याआधीच वेग उतरवावा, कारण खडीवर अचानक ब्रेक दाबला की गाडी घसरते. एकाच गाडीच्या रुंदीच्या पुलावर जो आधी पोहोचेल तो आधी जातो, तरी समोरचा थांबला आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरतात. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसले, तर ते आईकडे धावणारच असे धरून गाडी जवळपास थांबवावी.

क्रमांकाआधी ‘एफ’ असलेले डोंगरी रस्ते साधारण जूनच्या सुमारास उघडतात आणि तिथे चारही चाकांना ताकद देणारीच गाडी लागते. अनेक ठिकाणी पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात. अशा पाण्यातून गाडी नेण्याचा सराव नसेल, तर त्या भागासाठी तिथली उंच चाकांची बस घ्यावी. रस्ता सोडून शेवाळावर किंवा वाळूवर गाडी घालणे हा तर गुन्हा आहे. चाकाखाली फाटलेले शेवाळ भरून यायला कित्येक दशके लागू शकतात.

उत्तरेकडच्या अकुरेरी शहराजवळच्या बोगद्याचा टोल ऑनलाइन भरायचा असतो आणि तिथे नाका नसल्यामुळे तो सहज विसरला जातो, म्हणून त्याच दिवशी भरून टाकावा. गाडी घेताना आणि परत करताना चारही बाजू, काच, चाके व दारांच्या कडा यांचे तारखेसह फोटो काढावेत आणि अनामत रक्कम मोकळी होईपर्यंत ते जपून ठेवावेत.