लिनक्स वर्कस्टेशनमध्ये जादा ग्राफिक्स कार्ड बसवून विंडोजचं सॉफ्टवेअर कसं चालवावं

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या छोट्या कारखान्यांत अशी जोडी दिसते: सिम्युलेशनसाठी लिनक्सवर चालणारं दणकट वर्कस्टेशन आणि त्याच्या शेजारी फक्त कॅड-कॅमसाठी ठेवलेला विंडोजचा पीसी. म्हणजे दोन मशिनी, दोन यूपीएस आणि धूळ झटकायला दोन डबे. वर्कस्टेशनमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तर ते कार्ड विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीच्या) थेट ताब्यात देता येतं. या पद्धतीला पासथ्रू म्हणतात. त्रिमितीय कामात वेग जवळजवळ खऱ्या पीसीइतका मिळतो.

टॅली, जीएसटीची यूटिलिटी किंवा मराठी डीटीपी एवढंच काम असेल, तर कार्डावर पैसे घालू नका. साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ते आरामात चालतं. कार्ड लागतं ते मोठ्या असेंब्ली फिरवायच्या असतील, टूलपाथचं सिम्युलेशन बघायचं असेल किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तेव्हा.

मशीन चालेल का ते आधी बघा

प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनीही आयओएमएमयू, म्हणजे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला देण्याची सोय, द्यायला हवी. इंटेलमध्ये त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीमध्ये एएमडी-व्ही-आय. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) आणि व्हीटी-डी असे दोन वेगळे पर्याय असतात. पुष्कळ जण पहिला चालू करून दुसरा विसरतात. मग व्हर्च्युअल मशीन चालतं, पण त्याला कार्ड देता येत नाही.

रॅम किमान १६ जीबी, कामाची ३२ जीबी. पासथ्रूमध्ये विंडोजला दिलेली रॅम मशीन चालू असेपर्यंत अख्खी अडकून राहते, गरजेप्रमाणे कमी-जास्त होत नाही. ३२ पैकी १६ विंडोजला द्या.

लिनक्सच्या स्क्रीनसाठीही एक कार्ड हवं. जुन्या झिऑन ई५ प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे तिथे एकूण दोन कार्डं लागतात. दोन्ही एकाच मॉडेलची घेऊ नका. कारण पुढे कार्ड ओळखायचं ते त्याच्या आयडी नंबरवरून, आणि एकसारख्या कार्डांचे नंबरही एकच असतात. दोन्ही एकदम बाजूला काढली गेली की लिनक्सचा स्क्रीन काळा.

कार्ड आणि वीज

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनच्या वायरीतून १५०. क्वाड्रो पी२००० सारखं ७५ वॅटचं कार्ड वेगळ्या वायरीशिवाय चालतं, म्हणून जुन्या वर्कस्टेशनला तसं कार्ड सोयीचं. मोठं कार्ड घ्यायचं तर पॉवर सप्लायला वायर आहे का ते झाकण उघडून बघा. डेल-एचपीच्या वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय बहुधा वेगळ्या घडणीचा असतो, दुकानातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. साटाच्या वायरीतून ६ पिन काढणारा स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका, तो वितळतो.

कार्ड बसवताना वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. स्लॉटमधली धूळ ब्लोअरनं काढा. जुन्या कार्डाचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर पापडी धरते, आणि मग कार्ड कधी दिसतं, कधी नाही. विंडोजचं कार्ड दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये आणि लिनक्सचं पहिल्यात ठेवा. बायोस चालू होताना सहसा पहिल्या स्लॉटमधलं कार्ड वापरतं, आणि बायोसनं वापरलेलं कार्ड पुढे विंडोजला देताना त्रास देतं.

मशीन घरगुती इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. एका झटक्यात दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम पडतात.

लिनक्सपासून कार्ड बाजूला काढणं

पासथ्रू न चालण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लिनक्सच्या ड्रायव्हरनं कार्ड आधीच पकडलेलं असणं. ते होण्याआधी व्हीएफआयओ नावाच्या ड्रायव्हरनं कार्ड धरून ठेवायला हवं. पुढच्या पायऱ्या डेबियनसाठी आहेत. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करा.

‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीला ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू=पीटी’ जोडा. एएमडीला पहिला भाग लागत नाही. मग ‘अपडेट-ग्रब’ चालवून रिस्टार्ट करा. ‘सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स’ हे फोल्डर रिकामं दिसलं, तर बायोसमध्ये परत जा.

या फोल्डरात मशीनमधली उपकरणं गटागटांत लावलेली असतात. कार्ड द्यायचं तर त्याचा अख्खा गट द्यावा लागतो. विंडोजच्या कार्डाच्या गटात कार्ड, त्याचाच एचडीएमआय ऑडिओ आणि फार तर पीसीआय ब्रिज एवढंच असावं. ब्रिज द्यायचा नसतो. गटात नेटवर्क किंवा साटा कंट्रोलर निघाला, तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून बघा. गट जबरदस्तीनं फोडणारा कर्नल पॅच मिळतो, पण त्यानं उपकरणांमधली सुरक्षेची भिंतच पडते. कामाच्या मशीनवर तो नको.

आता ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवून कार्डाचे दोन नंबर लिहून घ्या, एक ग्राफिक्सचा, एक ऑडिओचा. एनव्हीडियाचा नंबर ‘१०डीई’नं सुरू होतो, एएमडीचा ‘१००२’नं. ‘ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘व्हीएफआयओ.कॉन्फ’ नावाची फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=’ पुढे दोन्ही नंबर स्वल्पविरामानं लिहा. खाली ‘सॉफ्टडेप’च्या ओळी घाला, म्हणजे नूव्हो, एनव्हीडिया किंवा एएमडीजीपीयू या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या आधी व्हीएफआयओ लोड होईल. इनिटरॅमएफएसच्या (लिनक्स सुरू होताना सगळ्यात आधी लोड होणाऱ्या भागाच्या) मॉड्यूल्सच्या यादीतही ‘व्हीएफआयओ_पीसीआय’ घाला आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ही शेवटची आज्ञा राहिली की बाकीचं केलेलं सगळं वाया.

रिस्टार्टनंतर ‘एलएसपीसीआय -एनएनके’मध्ये दोन्ही नंबरांखाली वापरात असलेला ड्रायव्हर म्हणून व्हीएफआयओ-पीसीआय दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

विंडोजचं मशीन

व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन बनवण्याच्या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) नवं मशीन करताना शेवटच्या पानावर इन्स्टॉलआधी कॉन्फिगरेशन बदलण्याची टिक करा. चिपसेट क्यू३५, फर्मवेअर यूईएफआय, सीपीयू होस्ट-पासथ्रू. सीपीयूची रचना हातानं भरा: सॉकेट १, कोअर ४, थ्रेड २. तसंच सोडलं तर अनेकदा ८ वेगवेगळे सॉकेट बनतात. विंडोज होम १ आणि प्रो २ सॉकेटच वापरतं, म्हणून ८ देऊनही मशीन रखडतं.

डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान) प्रकारची घ्या आणि व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीत लावा. विंडोजच्या सेटअपला डिस्क दिसणार नाही, तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ‘व्हीआयओस्टोर’ फोल्डर दाखवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (आभासी सुरक्षा चिप) जोडा, पण जुना प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे का ते आधी तपासा. व्हर्च्युअल मशीनसाठी विंडोजचं वेगळं लायसन्स लागतं.

आधी कार्डाशिवाय विंडोज पूर्ण इन्स्टॉल करा. मग मशीन बंद करून ‘ॲड हार्डवेअर’मधून पीसीआय होस्ट डिव्हाइस म्हणून ग्राफिक्स आणि ऑडिओ दोन्ही जोडा. मॉनिटरची दुसरी केबल त्या कार्डाला लावा, मशीन सुरू करा आणि विंडोजमध्ये कंपनीचा ड्रायव्हर टाका. चित्र आलं की व्हिडिओचा जुना पर्याय ‘नन’ करा. कीबोर्ड-माउसची दुसरी जोडी यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून देणं सगळ्यात सोपं.

कॅमच्या सॉफ्टवेअरचा डोंगलही (लायसन्सची यूएसबी किल्ली) तसाच जोडा, पण मशीन सुरू करण्याआधी तो लावलेला हवा. लायसन्स मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख नंबरला) बांधलेलं असेल, तर ॲक्टिव्हेशननंतर व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड काढून नवं टाकू नका. पत्ता बदलतो, लायसन्स अडतं, आणि विक्रेत्याच्या मागे लागण्यात आठवडा जातो.

अडलं तर

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे कोड ४३ (कार्ड बंद केल्याची चूक) दिसला, तर आधी ड्रायव्हर नवा घ्या. जीफोर्स कार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू न देण्याची ही अडवणूक एनव्हीडियानं २०२१ मध्ये ४६५ आवृत्तीपासून काढली. नव्या ड्रायव्हरवरही तोच कोड असेल, तर कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये आहे का बघा.

पहिल्यांदा नीट चाललं, पण विंडोज रिस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळा, असं एएमडीच्या आरएक्स ५८० किंवा व्हेगा पिढीत होतं. कार्ड स्वतःला नीट रिसेट करत नाही, म्हणून अख्खं वर्कस्टेशन रिस्टार्ट करावं लागतं. जुन्या बाजारात ही कार्डं स्वस्त दिसतात, तरी या कामासाठी टाळा.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट बंद ठेवा. बॅकअप घेताना विंडोज पूर्ण शट डाउन करा आणि डिस्कच्या फाइलसोबत ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’नं मशीनची मांडणीही जतन करा. नाहीतर डिस्क परत आली तरी मॅक पत्ता आणि यूयूआयडी (मशीनचा ओळख नंबर) नवे येतील, आणि डोंगल नसलेली लायसन्सं पुन्हा मागावी लागतील.